पोटातल्या बाळाला आईची काळजी कळते का?

मैत्रिणींनो, 'गरोदर बाई रडली की बाळ रडकं निपजतं' हे तुम्ही कधी ना कधी ऐकलं असेलच. मला ते सातव्या महिन्यात ऐकायला मिळालं, तेही आमच्या शाळेतल्या शिक्षिकांच्या खोलीत. एप्रिल महिना, नागपूरचं ऊन, कूलरमधलं पाणी संपलेलं आणि मी पेपर तपासता तपासता डोळे पुसत होते. "काहून रडून राह्यली वं? पोटातल्या जिवाचा तरी विचार कर," एक वडीलधाऱ्या बाई मायेनंच म्हणाल्या. मी आणखीच रडले. आधी नुसतं दुःख होतं, आता त्यात भीतीही आली!

कारण घरातलंच होतं. घराच्या वाटणीवरून दिरांशी बोलणं बंद झालेलं, ह्यांची बदली भंडाऱ्याला, आणि माझं अर्धवेळ काम जूननंतर राहणार की नाही याचा पत्ता नाही. मला कुणी वाईटसाईट बोललं नाही. पण रात्री दोनला डोळा उघडे, तो पहाटेपर्यंत मिटत नसे. अन्न गोड लागेना, छातीत जळजळ, पाठ धरलेली, आणि संध्याकाळ झाली की पोट दगडासारखं घट्ट!

हे सगळं मनाचे खेळ नव्हेत, बरं का. भीती वाटली, संताप आला की अ‍ॅड्रिनलिन रक्तात उतरतं. काळीज धडधडतं, रक्तवाहिन्या आकसतात, पचन मंदावतं. काळजी लांबली की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कॉर्टिसोल नावाचा रस जास्त सोडू लागतात. गंमत म्हणजे गरोदरपणात हे कॉर्टिसोल एरवीही दोन-तीन पट वाढतच असतं आणि बाळाची फुप्फुसं तयार व्हायला ते लागतंही. शिवाय निसर्गानं वारेत एक चाळणीच बसवली आहे. आईच्या रक्तातलं बरंचसं कॉर्टिसोल बाळापर्यंत पोचण्याआधीच तिथं निकामी होतं. म्हणून सासूबाईंशी एखादे दिवशी वाजलं, सिनेमा पाहून रडू आलं, एवढ्यानं बाळाचं काही बिघडत नाही. हे मला त्या दुपारी कुणी सांगितलं असतं तर!

महिनोन् महिने चालणारा ताण मात्र वेगळा. तो बऱ्याचदा आडवाटेनं येतो. झोप जाते, जेवण कमी होतं, लोहाच्या गोळ्या घ्यायच्या राहतात, तपासणीचा दिवस चुकतो. अशा स्त्रियांमध्ये अपुऱ्या दिवसांच्या आणि कमी वजनाच्या बाळांचं प्रमाण थोडं जास्त आढळतं. थोडं जास्त, म्हणजे प्रत्येकीचं तसं होतं असं नव्हे.

आपल्या शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा अभ्यास केला. जिल्हा रुग्णालयात शेवटच्या तिमाहीत आलेल्या २७० स्त्रियांची त्यांनी मनाची विचारपूस केली आणि पुढे लक्ष ठेवलं. ज्यांचं मन गरोदरपणीच खचलेलं होतं, त्यांच्यात अडीच किलोपेक्षा कमी वजनाची बाळं जास्त निघाली. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के आयांना नैराश्य आलेलं होतं, आणि त्यांतल्या बहुतेकींचं मन आधीपासूनच आजारी होतं. कारणं काय निघाली? पैशाची ओढाताण, नवऱ्याची मारहाण, आणि मुलाची आस असताना झालेली मुलगी.

हे शेवटचं कारण वाचून मी पुस्तक मिटलं. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरतं, हे शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात छापलेलं असतं. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्रात १९८८ मध्ये आणि देशभर १९९४ मध्ये कायदा झाला. तरी डोहाळजेवणात पेढा की बर्फी उघडलं जाताना बायकांचे चेहरे पाहा. तो खेळ आहे हे मान्य. पण जिच्या घरी आधीच एक मुलगी आहे, तिचे हात त्या वाटीवर थरथरताना मी पाहिले आहेत.

माझ्याकडे येते. दवाखान्यात माझा रक्तदाब १४०/९० भरला. आमच्या डॉक्टरीणबाईंनी 'टेन्शन घेऊ नका' म्हणून वाटेला लावलं नाही. आधी लघवी तपासली, रक्त तपासलं, बाळाचे ठोके ऐकले. मग खुर्ची जवळ ओढून विचारलं, "घरी काय चाललंय?" तेवढ्या एका प्रश्नानं बांध फुटला. पुढच्या खेपेला त्यांनी ह्यांनाही बोलावलं. वाटणीची बोलणी बाळंतपण होईपर्यंत माझ्या कानावर येणार नाहीत, असं ठरलं. दुपारी तासभर मी निजायचं आणि संध्याकाळचा स्वयंपाक सासूबाईंनी बघायचा, हेही ठरलं. पहिल्या आठवड्यात त्यांनी थोडी भांडी आपटली, मग नाही!

मुलगी छत्तिसाव्या आठवड्यात झाली, दोन किलो तीनशे ग्रॅमची. मी रडले म्हणून ती लहान राहिली, असं मी दोन वर्षं मनात धरून होते. शेवटी डॉक्टरीणबाईंनाच विचारलं. त्या म्हणाल्या, "अहो, तुमचा रक्तदाब वाढलेला होता. एका बाळाच्या वजनामागे दहा कारणं असतात, रडण्यावर कसलं खापर फोडता?" हे मी गरोदरपणीच का विचारलं नाही, याची हळहळ वाटते.

तेव्हा तुम्ही विचारा. सरकारी दवाखान्यांत दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते. तिथं हातापायांच्या सुजेबरोबर झोपेचंही सांगा. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन उदास असेल, कशात गोडी वाटत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर मराठीतून बोलता येतं. मारहाण होत असेल तर १८१ लक्षात ठेवा.

आणि एक. तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, अंगावर रक्त किंवा पाणी जाणं, बाळाची हालचाल मंदावणं, सदतीस आठवड्यांच्या आत ठरावीक वेळानं पोट घट्ट होत राहणं, ही लक्षणं 'टेन्शन असेल' म्हणून अंगावर काढू नका. लगेच दवाखाना गाठा, रात्र असली तरी.

यंदा माझ्या धाकट्या जावेला दिवस राहिले आहेत. वाटणीचा तिढा अजून पुरता सुटलेला नाही. पण परवा ती आली तेव्हा सासूबाईंनी चहा पुढे करत आधी तिला विचारलं, "रात्री झोप लागते का गं?"