गीताचे नाव आणि सूचीतील नोंद

ग्रंथाला नाव ग्रंथकार देतो. लोकगीताला ते बहुधा सूचीकारच देतो. गाणाऱ्यांना नावाची गरज भासत नाही. परंतु ध्वनिमुद्रित झालेले गीत संग्रहातून हवे त्या वेळी हाती यावयाचे, तर त्याला नाव हवेच. रायपूरला १९६३ साली आकाशवाणी केंद्र सुरू झाले. छत्तीसगढी गीतांची सूची करू पाहणाऱ्यास ही अडचण तेथे पदोपदी जाणवते.

नाट्यपदाचा प्रश्न सोपा आहे. ध्रुवपदाचे आरंभीचे शब्द हेच त्याचे नाव, आणि त्यापुढे नाटक, कवी व संगीतकार. १९११ च्या 'मानापमाना'तील पदापुढे खाडिलकर आणि गोविंदराव टेंबे ही नावे आली की संशय उरत नाही. ख्यालाच्या नोंदीत मात्र राग प्रथम, नंतर ताल, आणि शेवटी बंदिशीचा मुखडा येतो. कारण शोधणारा बहुधा यमन किंवा तोडी शोधत येतो.

छत्तीसगढी गीतांना हे दोन्ही नियम अपुरे पडतात. दिवाळीच्या सुमारास स्त्रिया टोपलीत मातीचा पोपट ठेवून, त्याभोवती फेर धरून, टाळ्यांच्या ठेक्यावर सुवा गीते गातात. त्यांतील पुष्कळशा गीतांचा आरंभ ठरावीक, निरर्थक बोलांनी होतो. तेच नाव मानले, तर अनेक गीते एकाच नावाखाली गोळा होतील. म्हणून पहिली अर्थपूर्ण ओळ घ्यावी, आणि तीही मूळ बोलीतच. 'सुवा'चा 'तोता' करू नये. ददरियात दोन-दोन ओळींचे तुकडे असतात व त्यांचा क्रम गाणाऱ्यागणिक बदलतो. तेथे प्रकार, स्थळ, गायक आणि दिनांक यांवाचून नोंद पुरी होत नाही. पंडवानीला महाभारतातील प्रसंगाचे नाव द्यावे आणि शाखा वेदमती की कापालिक हेही सांगावे.

ही केवळ कारकुनी नव्हे. २००९ च्या 'दिल्ली-६' चित्रपटातील 'गेंदा फूल' हे गीत छत्तीसगढी लोकगीतावरून आले. २०२० साली त्याच नावाचे दुसरे गीत निघाले. त्यात एका बंगाली गीताच्या ओळी होत्या. ते गीत आपले असल्याचे बीरभूमचे रतन काहार यांनी सांगितले, तेव्हा श्रेयनामावलीत त्यांचे नाव नसल्याची चर्चा झाली. नाव एक, मुळे दोन. केवळ शीर्षकावर विसंबणाऱ्या सूचीत ही दोन्ही मुळे लोपतात.

म्हणूनच 'पारंपरिक' हा शब्द सूचीकाराने फार जपून लिहावा. कर्ता खरोखरच अज्ञात असेल, तर तो शब्द यथार्थ आहे. परंतु चौकशी न करताच लिहिला, तर एखाद्या हयात कवीचे नाव त्याने पुसले जाते. चौकशी अपुरी असेल, तर कर्त्याची जागा कोरी ठेवावी. कोरी जागा पुढे कोणीतरी भरू शकतो. चुकीने भरलेल्या जागेकडे मात्र सहसा कोणी पुन्हा पाहत नाही.