जंतू गेला, वजन वाढलं

‘एच. पायलोरीचा कोर्स पूर्ण केला, पित्ताचा त्रास थांबला. पण सहा महिन्यांत जुन्या पँटी होईनाशा झाल्या. इतकी वर्षं तो जंतूच मला बारीक ठेवत होता का?’ एका वाचकांचा हा प्रश्न. हसण्यावारी न्यावा असा तो नाही, कारण यावर जाणकारांचं अजून एकमत नाही.

पर्थच्या बॅरी मार्शल यांनी १९८४ साली या जंतूचा द्राव पिऊन स्वतःच्या जठराला सूज आणली आणि २००५ साली त्यांना रॉबिन वॉरन यांच्यासह नोबेल मिळालं, ही कथा आता वक्तृत्व स्पर्धांतही ऐकू येते. ती सोडून देऊ. या प्रश्नाचं उत्तर ज्या गोष्टीत आहे ती घडली जपानमध्ये, आणि माझ्या मते ती जास्त रंगतदार आहे.

१९९६ साली मर्क कंपनीच्या संशोधकांना मेंदूतला एक रिसेप्टर सापडला. काही कृत्रिम औषधं त्याला चिकटली की शरीरात वाढीचं संप्रेरक सुटायचं. पण आपल्या शरीरातला कोणता रेणू त्याला चिकटतो, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कुलूप होतं, किल्ली नव्हती. कुलूप मेंदूत म्हणजे किल्लीही मेंदूतच असणार, असं धरून शोध चालला होता. जपानच्या मासायासु कोजिमा आणि केंजी कांगावा यांनी उंदरांचे बाकीचे अवयवही तपासले, तर सर्वांत जोरदार प्रतिसाद मिळाला जठराच्या अर्कातून! माजघराच्या कुलपाची किल्ली स्वयंपाकघरातल्या डब्यात निघाली.

पुढे आणखी गंमत झाली. तो रेणू म्हणजे २८ अमिनो आम्लांची साखळी. तश्शीच साखळी त्यांनी प्रयोगशाळेत जोडली, तर ती ढिम्म. वजन करून पाहिलं तेव्हा अस्सल रेणू नकलेपेक्षा १२६ एककांनी जड भरला. साखळीतल्या तिसऱ्या अमिनो आम्लाला आठ कार्बनचं एक मेदाम्ल चिकटलेलं होतं आणि त्याच्याशिवाय किल्ली फिरत नव्हती. संप्रेरकाला अशी मेदाची शेपटी असल्याचं तोवर कुणी पाहिलेलं नव्हतं. हा फरक ‘मोजण्यातली चूक’ म्हणून सोडून देणं किती सोपं होतं! डिसेंबर १९९९ मध्ये ‘नेचर’मध्ये निबंध आला आणि घ्रेलिन जगाला माहीत झालं. जेवणाआधी रक्तात चढणारं, जेवण झालं की उतरणारं, भूक चेतवणारं हे संप्रेरक.

आता आपल्या जंतूकडे येऊ. घ्रेलिन बनवणाऱ्या बहुतेक पेशी जठराच्या वरच्या, घुमटासारख्या भागात असतात. एच. पायलोरी आधी मुक्काम ठोकतो तो खालच्या भागात. युरियापासून अमोनिया तयार करून भोवतालचं आम्ल मारतो आणि मजेत राहतो. बऱ्याच जणांत तो वर्षानुवर्षं तिथंच असतो. काहींत मात्र सूज वर सरकते, तिथल्या ग्रंथी सुकत जातात आणि त्यांच्यासोबत घ्रेलिनच्या पेशीही कमी होतात. तेव्हा जंतू घालवला आणि अस्तर सावरलं, तर घ्रेलिन वाढायला हवं.

वाढतंही. २००३ साली ब्रिटनमध्ये दहा जणांच्या रक्ताची उपचाराआधी आणि नंतर तपासणी झाली. घ्रेलिन ७५ टक्क्यांनी वाढलेलं आढळलं. २०११ साली न्यूयॉर्कच्या माजी सैनिकांच्या अभ्यासात बऱ्या झालेल्यांचं जेवणानंतरचं घ्रेलिन जवळजवळ सहापट झालं आणि त्यांचा बीएमआय सुमारे पाच टक्क्यांनी चढला. पण बरे झालेले होते अवघे २१ जण. शिवाय जपानमधल्या काही रुग्णांत उपचारानंतर घ्रेलिन उलट उतरल्याचीही नोंद आहे. जठराचं अस्तर आधीच किती झिजलेलं होतं, यावर बरंच काही अवलंबून असावं.

सैनिकांचा तो अभ्यास करणाऱ्या संशोधकांत मार्टिन ब्लेझर होते. त्यांचं म्हणणं असं की हा जंतू माणसाचा पुरातन सोबती आहे आणि अँटिबायोटिकमुळे तो नाहीसा होत चालल्याने लठ्ठपणाला हातभार लागतो आहे. सोबत जुनी आहे, यात वाद नाही. आल्प्सच्या बर्फात सापडलेल्या ५,३०० वर्षांपूर्वीच्या ‘ओत्झी’ या माणसाच्या जठरातही हा जंतू होता, आणि त्याचा वाण आजच्या युरोपीय वाणापेक्षा मध्य आणि दक्षिण आशियातल्या, म्हणजे आपल्याकडच्या वाणाला जवळचा निघाला! पण जुना सोबती म्हणजे हितचिंतक, असं थोडंच असतं? उवाही फार जुन्या आहेत. भारतात अजून निम्म्याहून अधिक प्रौढांच्या पोटात हा जंतू आहे, तरी शहरांत पोटं सुटायची थांबलेली नाहीत.

घ्रेलिनला ‘भुकेचं संप्रेरक’ म्हणून वर्तमानपत्रांनी जे डोक्यावर घेतलं तेही जरा अतीच झालं. घ्रेलिनचं जनुकच काढून टाकलेले उंदीर तयार करण्यात आले. ते उपाशी राहिले नाहीत की खंगले नाहीत. सामान्य उंदरांसारखेच खात राहिले. भुकेची व्यवस्था एका बटणावर चालत नाही.

मला सर्वांत भरवशाचा वाटतो तो ब्रिस्टलचा प्रयोग. तिथं १,५५८ बाधितांपैकी कुणाला खरं औषध द्यायचं आणि कुणाला नुसत्या दिसायला तशाच गोळ्या, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. सहा महिन्यांनी तीन किलो किंवा जास्त वजन वाढलेले खऱ्या औषधाच्या गटात १९ टक्के, तर नुसत्या गोळ्यांच्या गटात १३ टक्के. म्हणजे परिणाम खरा आहे, पण छोटा आहे. सरासरी फरक एका किलोलाही पोचला नाही. त्याला घ्रेलिनच कारण असेल असंही नाही. ज्या माणसानं पित्ताच्या धाकानं वर्षानुवर्षं मिसळ आणि भजी टाळली, त्याला एकदाची मोकळीक मिळाली की तो दोन घास जास्त खाणारच.

तेव्हा पत्रलेखकांना सांगायचं तर जंतूचा हात असेल, पण थोडा. उरलेलं ताटात शोधा. बारीक राहण्यासाठी त्याला पोटात ठेवून घ्यावं, असा विचार मात्र मनात आणू नका. अल्सर त्यानं होतोच, शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं १९९४ सालीच त्याला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातलं आहे. बरं वाटलं म्हणून कोर्स मध्येच सोडू नका. आपल्याकडे या जंतूच्या बऱ्याच वाणांनी मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकला दाद देणं सोडलं आहे. आणि कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी करून जंतू खरोखर गेला की नाही ते पाहा. त्याआधी दोन आठवडे पित्ताच्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, म्हणून डॉक्टरांना आधीच विचारून घ्या.