हुमायूनचा मकबरा : जतन नेमके कोणत्या काळाचे?

नवी दिल्ली : प्राचीन वास्तू एकाच काळात गोठलेली नसते, तिच्यावर अनेक काळांचे थर साचलेले असतात. त्यांपैकी कोणता थर राखावा आणि कोणता उतरवावा, हा वास्तुसंवर्धनातील सर्वांत अवघड प्रश्न आहे. दिल्लीतील हुमायूनच्या मकबऱ्यात तो ठळकपणे पुढे आला.

सोळाव्या शतकातील या वास्तूत १८५७ मध्ये अखेरचा मोगल बादशहा बहादूरशाह जफर आश्रयाला आला आणि येथेच ब्रिटिशांच्या हाती लागला. १९४७ मध्ये याच परिसरात फाळणीतील निर्वासितांची छावणी होती. १९९३ मध्ये युनेस्कोने मकबऱ्याला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला.

विसाव्या शतकातील दुरुस्त्यांत येथे सिमेंटचा सढळ वापर झाला. चुन्याचा गिलावा भिंतीतील ओल बाहेर जाऊ देतो. सिमेंट ती अडवून धरते आणि दगड झिजतो. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग आणि आगा खान ट्रस्ट फॉर कल्चर यांनी हाती घेतलेल्या कामात केवळ छतावरून सुमारे दहा लाख किलो काँक्रीट काढण्यात आले. त्याजागी पारंपरिक चुना वापरला गेला. हे काम २०१३ मध्ये पूर्ण झाले.

मतभेद उद्भवला तो छत्र्यांवरील रंगीत फरशांवरून. सर जॉन मार्शल यांच्या १९२३ च्या संवर्धन नियमावलीचा भर आहे ते टिकवण्यावर होता. हरवलेले नव्याने घडवणे तिला मान्य नव्हते. त्या दृष्टीने झीज हाही इतिहासाचाच पुरावा ठरतो. दुसरी बाजू अशी की, कारागिरांची परंपरा जिवंत ठेवणे हेदेखील जतनच होय. अखेर उझबेकिस्तानातील कारागिरांच्या मार्गदर्शनाखाली निजामुद्दीन वस्तीतील तरुणांनी ही कला आत्मसात केली. निखळलेल्या फरशांच्या जागी नव्या बसवण्यात आल्या. चकाकी गेलेल्या मूळ फरशा मात्र तशाच ठेवण्यात आल्या. परिणामी, जुने आणि नवे आज शेजारी शेजारी दिसते.

१९५८ च्या कायद्यानुसार वास्तूला प्राचीन स्मारक ठरण्यासाठी किमान शंभर वर्षांचे वय लागते. या हिशेबाने आजची दुरुस्तीही उद्याचा इतिहास होणार आहे. म्हणूनच काय काढले, काय बसवले आणि का, याची काटेकोर नोंद आवश्यक ठरते. अशी नोंद नसेल, तर पुढील पिढ्यांना सोळाव्या शतकाचे काम कोणते आणि एकविसाव्याचे कोणते, हे सांगता येणार नाही.