समोरचे दिसेनासे झाले म्हणजे हरवले असे नव्हे
दुकानातील व घरातील संगणकाचा डेस्कटॉप : मांडणी, बिघाड आणि सावधगिरी

वसई पूर्वेकडील एव्हरशाईन सिटीत तळमजल्यावर दुकाने आणि वर राहती घरे अशा इमारती जागोजागी आढळतात. तेथील दुकानात गल्ल्याशेजारी आज संगणक वहीइतकाच अपरिहार्य झाला आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाल्यापासून विवरणपत्रे आणि ई-वे बिले पडद्यावरच तयार होतात. दिवाळीच्या चोपडापूजनात नव्या वहीशेजारी लॅपटॉप ठेवून त्यालाही कुंकू लावणारी घरे आता थोडी नाहीत. तोच लॅपटॉप रात्री घरी येतो. मुले त्यावर अभ्यास करतात, आजोबा प्रवचन ऐकतात, सूनबाई दिवसाच्या जमाखर्चाची नोंद पुरी करतात.

इतक्या हातांखालून जाणाऱ्या यंत्राची मांडणी अधूनमधून विस्कटणे स्वाभाविकच आहे. एखाद्या सकाळी पडद्यावरची सारी चिन्हे नाहीशी झालेली असतात, अक्षरे भलतीच मोठी झालेली असतात, तर कधी चित्रच उलटे दिसते. विवरणपत्राची मुदत जवळ आलेली असेल तर घरात घबराट उडते आणि खरे नुकसान होते ते या घबराटीत. कोणी घाईने यंत्र ‘फॉरमॅट’ करून घेतो, कोणी इंटरनेटवर सापडलेल्या अनोळखी क्रमांकावर फोन करतो. वास्तविक मांडणीतले बहुतेक बिघाड घरच्या घरी, दोन-चार मिनिटांत दूर होतात. त्यासाठी आधी एकच प्रश्न शांतपणे विचारावा : वस्तू गेली आहे, की केवळ दिसेनाशी झाली आहे?

काउंटर आणि गोदाम

पडद्याला टेबलाचे रूप देण्याची कल्पना अर्ध्या शतकापूर्वीची आहे. छायाप्रतीमुळे जिचे नाव आपल्याकडे सामान्यनाम होऊन बसले, त्या झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ साली ‘आल्टो’ हा संगणक तयार झाला. त्याच कंपनीने १९८१ साली बाजारात आणलेल्या ‘स्टार’ या संगणकाच्या पडद्यावर कागद, फोल्डर अशी कचेरीतील वस्तूंची चित्रे मांडलेली होती. पुढे २४ ऑगस्ट १९९५ रोजी आलेल्या ‘विंडोज ९५’ने स्टार्टचे बटण आणि तळाची पट्टी, म्हणजे टास्कबार, घरोघरी नेली.

व्यापाऱ्याला हे समजणे अवघड नाही. डेस्कटॉप हे दुकानाचे काउंटर होय. माल बहुधा मागच्या गोदामात असतो. ज्या चिन्हाच्या कोपऱ्यात लहानसा बाण दिसतो, ते चिन्ह म्हणजे गोदामाकडे बोट दाखवणारी पाटी. तिला ‘शॉर्टकट’ म्हणतात. पाटी पुसली गेली तरी माल जागेवर असतो. त्यामुळे टॅलीचे चिन्ह चुकून काढले गेले तरी हिशेब नाहीसा होत नाही.

याची दुसरी बाजू मात्र अधिक महत्त्वाची आहे. पाटी उचलून नेली म्हणजे माल बरोबर येत नाही. टॅलीचे चिन्ह पेन ड्राइव्हवर उतरवून घेतले आणि हिशेबाची प्रत झाली असे मानले, तर त्या पेन ड्राइव्हमध्ये केवळ एक बाण असतो. चूक उमगते ती मूळ डिस्क बंद पडल्यावर. हिशेबाची खरी प्रत टॅलीच्या आत जाऊन, वरच्या पट्टीतील ‘डेटा’ या पर्यायातील ‘बॅकअप’मधूनच घ्यावी. उलट, बाण नसलेल्या ज्या फाइली किंवा फोल्डर डेस्कटॉपवर ठेवलेले असतात, तो काउंटरवरच उतरवलेला खरा माल होय. तो सहसा ‘सी’ ड्राइव्हमध्ये असतो आणि तो ड्राइव्ह फॉरमॅट केला की पुसला जातो.

मांडणी सोयीची कशी करावी

ज्येष्ठांना अक्षरे बारीक वाटतात तेव्हा अनेकजण पडद्याचे ‘रिझोल्यूशन’ कमी करतात. त्याने अक्षरे मोठी होतात, पण धूसरही होतात. त्याऐवजी विंडोज ११ मध्ये सेटिंग्जमधील ‘ॲक्सेसिबिलिटी’ येथे ‘टेक्स्ट साइझ’ वाढवावा. तो २२५ टक्क्यांपर्यंत वाढवता येतो. अक्षरांबरोबर चिन्हेही मोठी हवी असतील तर ‘सिस्टिम’मधील ‘डिस्प्ले’ येथे ‘स्केल’ बदलावे. रिझोल्यूशन चुकून बदलून पडदा काळा पडला तर कोणतीही कळ न दाबता थांबावे. बदल कायम ठेवण्यास संमती मिळाली नाही तर १५ सेकंदांत जुनी मांडणी आपोआप परत येते.

विंडोज ११ मध्ये स्टार्टचे बटण मध्यभागी गेल्याने जुन्या सवयीचे हात अडखळतात. सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, टास्कबार आणि ‘टास्कबार बिहेवियर्स’ या क्रमाने जाऊन ‘अलाइनमेंट’ डावीकडे केले की बटण जुन्या जागी येते.

मराठीत लिहिण्यासाठी मे २०१९ च्या अद्ययावत आवृत्तीपासून विंडोजमध्येच उच्चारानुसारी मराठी कळफलक उपलब्ध आहे. गुजरातीसाठीही तशीच सोय आहे. भाषा बदलण्यास विंडोजची कळ धरून स्पेस दाबावा. बरोबर पासवर्ड लिहूनही तो स्वीकारला जात नसेल, तर प्रथम कळफलकाची भाषा आणि कॅप्स लॉक पाहावे.

सर्वांत उपयोगी मांडणी म्हणजे दुकानाचे आणि मुलांचे खाते वेगळे करणे. सेटिंग्जमधील ‘अकाउंट्स’ येथे मुलांसाठी ‘स्टँडर्ड’ प्रकारचे खाते उघडावे. मग मुलांनी चित्र बदलले, चिन्हे हलवली, तरी दुकानाचे काउंटर जसेच्या तसे राहते.

नेहमीचे बिघाड

सारी चिन्हे गेली : मोकळ्या जागी माऊसचे उजवे बटण दाबून ‘व्ह्यू’मध्ये ‘शो डेस्कटॉप आयकॉन्स’ यावर खूण आहे का ते पाहावे. बहुतेक वेळा तेवढीच खूण निघालेली असते.

चिन्हे फार मोठी किंवा लहान झाली : कंट्रोल कळ धरून माऊसचे चाक फिरवावे. चुकून असे फिरल्यानेच हा बदल झालेला असतो.

टास्कबार नाहीशी झाली : माऊसचा बाण तळाशी न्यावा. पट्टी वर आली तर ‘ऑटोमॅटिकली हाइड’ हा पर्याय चालू झाला आहे. न आल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा आणि ‘विंडोज एक्सप्लोरर’ निवडून ‘रीस्टार्ट’ करावे.

चित्र उलटे किंवा आडवे झाले : ‘डिस्प्ले’मधील ‘ओरिएंटेशन’ पुन्हा ‘लँडस्केप’ करावे.

रंग काळे व भडक झाले : डावा आल्ट, डावा शिफ्ट आणि प्रिंट स्क्रीन या कळा एकत्र दाबल्या गेल्या असाव्यात. त्याच पुन्हा दाबाव्यात.

घड्याळ रोज मागे जाते : संगणकाच्या आतील नाण्याएवढी बॅटरी संपत आली आहे. डेस्कटॉप संगणकात ती बहुधा ‘सीआर २०३२’ या प्रकारची असते. तारीख चुकीची असली की बँकेची आणि सरकारी सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत. दोष मात्र इंटरनेटला दिला जातो.

खरोखर थांबण्याची वेळ

कधी संगणक सुरू होताच संपूर्ण डेस्कटॉप नव्या यंत्रासारखा कोरा दिसतो आणि खात्यात प्रवेश होऊ शकला नाही असा संदेश येतो. विंडोजने अशा वेळी तात्पुरते खाते उघडलेले असते. जुना माल बहुधा ‘सी’ ड्राइव्हच्या ‘युजर्स’ फोल्डरमध्ये तसाच असतो. पण या तात्पुरत्या खात्यात नवे काही लिहिले तर बाहेर पडताच ते पुसले जाते. म्हणून तेथे एकही बिल करू नये. संगणक पुन्हा सुरू करून पाहावा आणि तरीही तसेच राहिल्यास विश्वासू जाणकारास बोलवावे. त्यास पहिले वाक्य हेच सांगावे, की आधी माहितीची प्रत काढा, मग दुरुस्ती करा.

फाइली अचानक दिसेनाशा होण्याचे आणखी एक कारण ‘वनड्राइव्ह’ हे असते. त्याचा बॅकअप चालू असेल तर डेस्कटॉपचा फोल्डरच वनड्राइव्हच्या फोल्डरात जातो आणि बॅकअप बंद केल्यावर फाइली तेथेच राहतात. शोध प्रथम तेथे घ्यावा.

पडद्यावरचा फोन क्रमांक

या साऱ्यांहून घातक तो बिघाड, जो मुळात बिघाडच नसतो. पडदा भरून इशारा येतो, भोंगा वाजतो, ‘संगणक बंद करू नका’ असे बजावले जाते आणि खाली फोन क्रमांक असतो. हे केवळ एक वेबपान असते. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन क्रमांक कधीच नसतो. त्या क्रमांकावर बोलणारा मनुष्य दुरून संगणक चालवू देणारे ॲप उतरवायला सांगतो आणि मग बँकेचे खाते व पक्क्या बिलांचा हिशेब त्याच्या डोळ्यांसमोर उघडा पडतो. अशा वेळी टास्क मॅनेजर उघडून ब्राउझर बंद करावा. पैसे गेलेच तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ते यंत्र चालत राहते. पण नियमित सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्याने त्यावर बँकेचे व्यवहार करणे जोखमीचे ठरते. अशा दुकानांनी नव्या आवृत्तीचा विचार लांबणीवर टाकू नये.

वस्तू व सेवा कर कायद्यानुसार हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपून ठेवावा लागतो. पूर्वी वह्या कापडात बांधून माळ्यावर जात. आज तेच काम संगणकाबाहेर ठेवलेली प्रत करते. दर आठवड्यास एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्यावी, ती डिस्क दुकानात न ठेवता घरी ठेवावी आणि महिन्यातून एकदा ती उघडून आतला हिशेब वाचता येतो का ते पाहावे. एवढी शिस्त घरात रुजली की एखाद्या सकाळी काउंटर रिकामे दिसले तरी गोदामाची किल्ली आपल्याच हाती असते.