विक्रीच्या कामात पदवीचे मोल किती?



बारावीचा निकाल लागला की घरोघर एक प्रश्न निघतो. पोराला माल विकायच्या कामाला लावायचं, की आधी कॉलेजात घालायचं? कोणी म्हणतो, "माल विकायला पदवी कशाला? बोलणाऱ्याची बोरे विकतात!" कोणी म्हणतो, "पदवी नसेल तर चांगली कंपनी दारात उभी करणार नाही." दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. म्हणून वाद नको, हिशेब करू. पेन्सिल घ्या आणि आमच्याबरोबर आकडे मांडा.

पदवीला दोन प्रकारचा खर्च येतो. पहिला खर्च डोळ्यांना दिसतो. फी, वह्या-पुस्तके, एस.टी.चा पास, खोलीचे भाडे. समजा, हा खर्च वर्षाला ४०,००० रुपये आला. तीन वर्षांचे झाले १,२०,००० रुपये.

दुसरा खर्च दिसत नाही. तो म्हणजे बुडालेला पगार. समजा, बारावीनंतर पोराला दुकानात महिना १०,००० रुपये मिळाले असते. तीन वर्षांत ३,६०,००० रुपये झाले असते. कॉलेजात गेला म्हणून ते आले नाहीत. दोन्ही खर्च मिळवा. बेरीज येते ४,८०,००० रुपये. फी फक्त सव्वा लाख, असे म्हणून चालत नाही, ते यामुळे.

आता फायदा पाहू. समजा, दुकानातल्या पोराचा पगार तीन वर्षांनी १३,००० झाला. पदवीवाल्याला १७,००० मिळाले. फरक महिन्याला ४,०००, म्हणजे वर्षाला ४८,०००. या फरकातून ४,८०,००० भरून यायला दहा वर्षे लागतील. पण पदवीवाल्याला २३,००० मिळाले तर? फरक महिन्याला १०,०००, वर्षाला १,२०,०००. मग चार वर्षांतच खर्च वसूल होतो. फीसाठी कर्ज काढले असेल, तर व्याजही खर्चात धरायचे. हे आकडे आम्ही समजुतीसाठी घेतले आहेत. तुम्ही आपल्या गावचे, आपल्या घरचे आकडे घाला.

फरक चार हजारांचा पडेल की दहा हजारांचा, हे कशावरून ठरते? काय विकायचे आहे, त्यावरून.

काही माल विकायला कायदाच शिक्षण मागतो. औषधांच्या दुकानात नोंदणी झालेला औषधनिर्माता लागतो. त्यासाठी त्या विषयाची पदविका किंवा पदवी हवी. पिकांवरच्या कीटकनाशकांच्या दुकानाचा परवाना हवा असेल, तरी शिक्षणाची अट आहे. कृषी शाखेची किंवा ठराविक विज्ञान विषयांची पदवी, नाही तर ठरवून दिलेली पदविका लागते. इथे कागद नसेल तर धंदाच उभा राहत नाही. इथे पदवीचे मोल मोठे.

काही कामांत पदवीची सक्ती नाही. विम्याचा एजंट व्हायला दहावी आणि विम्याची परीक्षा पास असले की चालते. पुढची मिळकत दलालीवर असते. जितक्या पॉलिसी, तितका पैसा. भाजी, कापड, किराणा यांचेही तसेच. गिऱ्हाईक पदवी विचारत नाही. माल, भाव आणि जिभेची गोडी बघते.

तिसरा प्रकार मधला. ट्रॅक्टर, बियाणे, औषधे विकणाऱ्या पुष्कळ कंपन्या नोकरीलाच पदवी मागतात. काही ठिकाणी बारावीवर आत घेतात, पण वरच्या जागेसाठी पदवी विचारतात. तिथे पहिल्या पगाराचा नुसता आकडा पाहू नये. पाच वर्षांनी कुठे पोचता येईल, तेही विचारावे.

कर्मवीर भाऊराव पाटलांचे नाव तुम्हांला ठाऊक आहे. ते मॅट्रिक झालेले नव्हते. त्यांनी ओगल्यांच्या काच कारखान्याचा माल आणि किर्लोस्करांचे नांगर गावोगाव हिंडून विकले. शेतकऱ्याची भाषा आणि त्याची अडचण त्यांना कळत होती. विक्रीचे खरे भांडवल ते. पण याच कर्मवीरांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि गरिबांच्या मुलांसाठी जन्म वेचला. पदवी नसून पुढे गेलेल्या माणसाने शिक्षणाला फुकाचे मानले नाही, हे ध्यानात घ्यावे. १९५९ साली पुणे विद्यापीठाने त्यांना सन्मानाची डी.लिट. पदवी दिली.

त्यांच्याच संस्थेतली "कमवा व शिका" ही योजना आपल्याला मधली वाट दाखवते. शिकता शिकता कमावले, तर बुडालेला पगार कमी होतो. नाशिकला १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ निघाले. तिथे काम सांभाळून पदवी घेता येते. आपल्या हिशेबातले ३,६०,००० रुपये मग बुडत नाहीत. पोरगा दिवसा दुकानात माणसे ओळखायला शिकतो आणि रात्री पुस्तक उघडतो. कष्ट मात्र दुप्पट, हे आधीच सांगून ठेवतो.

एक सावधगिरी. "लाखभर भरा, पदवी आणि नोकरी दोन्हींची हमी," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. पैसे देण्याआधी ते विद्यापीठ मान्य आहे का, हे पाहावे. विद्यापीठ अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी जाहीर करतो. अमान्य पदवी म्हणजे खोटे नाणे. बाजारात चालायची नाही.

तेव्हा रान गहाण टाकण्याआधी तीन गोष्टी विचारा. काय विकायचे आहे? त्याला कायद्याने किंवा कंपनीने पदवी लागते का? आणि खर्च किती वर्षांत वसूल होईल? मुलीच्या बाबतीतही हाच हिशेब, हेच तीन प्रश्न. तिच्यासाठी वेगळा तराजू काढू नका. शिक्षणाने माणूस शहाणा होतो, कागद वाचून सही करतो, फसत नाही. त्याची किंमत आपल्या बेरजेत धरलेली नाही. पण कर्ज डोक्यावर घ्यायचे असेल, तेव्हा बेरीज आधी करावी आणि सही मागून.