देवाच्या घरचं घरकाम

गोव्यातल्या एखाद्या खेड्यात मुक्काम केलात तर पहाटे जाग येते ती चर्चच्या घंटेनं. ही घंटा वाजवतं कोण? पाद्री नव्हेत बरं का! ते काम सांक्रिस्तांवचं. शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. देवळातला गुरव जशी झाडलोट, दिवाबत्ती पाहतो, तसाच हा चर्चचा माणूस.

पहाटे, दुपारी, तिन्हीसांजेला प्रार्थनेची घंटा द्यायची. गावात कुणी गेलं की घंटेची चाल बदलते. संथ, थांबून थांबून टोल पडू लागले की हातातलं काम टाकून बाया दारात येतात, ‘कोण गेलं गे?’

बाकीची कामं ऐकलीत तर म्हणाल, अगंबाई, हे तर आपलंच काम! दारं उघडा, वेदीवरची फुलं बदला, मेणबत्त्या लावा, अखंड दिवा विझू देऊ नका. पाद्रींच्या झग्याचा रंगही पंचांगासारखा ठरलेला. नाताळ-ईस्टरला पांढरा, उपवासकाळात जांभळा, पेंटेकोस्टला लाल, एरवी बहुतेक हिरवा. तो आदल्या रात्री काढून ठेवायचा. झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या वर्षभर जपायच्या, कारण पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारची राख त्यांचीच होते.

सगळ्यात जोखमीचं काम धुण्याचं. मिस्सेत प्याल्याखाली अंथरतात तो रुमाल, प्याला पुसतात तो कपडा. त्यांचं पहिलं पाणी मोरीत सोडायचं नाही, मातीतच जिरवायचं. मग साबण, खळ, इस्त्री. चर्चच्या १९१७च्या कायद्यात तर ही पहिली धुलाई दीक्षित पुरुषानंच करायची होती. सिस्टरांनाही त्याआधी कपडा धुवायला मिळत नसे! (घरी धुण्याच्या बाबतीत असा कायदा कुणी केल्याचं ऐकिवात नाही.)

आता दिवस पालटले. १९९४मध्ये वेदीजवळ सेवा करायला मुलींना वाट मिळाली. जानेवारी २०२१मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कायदा बदलून वाचक आणि वेदीसेवक ही रीतसर पदं बायकांना खुली केली. सांक्रिस्तांव व्हायला तर दीक्षाही लागत नाही, बाईला मनाई करणारं कलमही नाही. तरी डोळ्यांपुढे येतो तो पुरुषच. फुलं, खळ, इस्त्री करणारी बाई मात्र ‘जरा मदत करते’! सांक्रिस्तांवची बायको असेल तर तेवढंही कुणी म्हणत नाही. काम तेच असेल, तर नाव आणि मोबदलाही तोच का नको? हे पाद्रींना विचारायला काय हरकत आहे?

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी रात्री वेदी उघडी करतात, घंटा मुकी होते. शुक्रवारी घंटेऐवजी लाकडी खुळखुळा. शनिवारी रात्री घंटा पुन्हा घणाणते, तोवर वेदीवर खळ घातलेलं पांढरंशुभ्र कापड आलेलं असतं. ते कुणी धुतलं, ते गावातल्या बायकांना विचारा.