स्वस्त संगणकाचे आयुष्य कोण ठरवणार?

वस्तूची किंमत आणि वस्तूचा खर्च या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते. शाळांसाठी संगणक खरेदी करणाऱ्या समित्यांना मात्र त्याचा विसर पडतो. अमेरिकेतील शाळांनी मोठ्या प्रमाणावर स्वीकारलेल्या 'क्रोमबुक' या स्वस्त संगणकाची कहाणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे.

जुलै २००९ मध्ये गूगलने 'क्रोम ओएस' या नव्या कार्यप्रणालीची घोषणा केली. सामान्य माणसाची संगणकावरील बहुतेक कामे ब्राउझरमध्येच होत असतील, तर ब्राउझरलाच संगणक का मानू नये, हा त्यामागील विचार. वस्तुतः तो अगदी नवा नव्हता. १९९०-९५ नंतरच्या काळात ओरॅकलनेही जालावर विसंबणाऱ्या स्वस्त संगणकाचा पुरस्कार केला होता; परंतु त्या वेळचे जालच इतके मंद होते की तो प्रयोग फसला. गूगलचे नशीब काळाने घडवले. लिनक्सच्या गाभ्यावर उभारलेल्या या प्रणालीची संहिता नोव्हेंबर २००९ मध्ये 'क्रोमियम ओएस' या नावाने खुली झाली, डिसेंबर २०१० मध्ये 'सीआर-४८' हे चाचणीयंत्र निवडक लोकांना देण्यात आले आणि जून २०११ मध्ये एसर व सॅमसंग यांची क्रोमबुके बाजारात आली. एसरच्या यंत्राची किंमत ३४९ डॉलरपासून सुरू होत होती.

रचनेतील चातुर्य मान्य केलेच पाहिजे. यंत्रात प्रणालीच्या दोन प्रती असतात. एकीवर काम चालू असता दुसरी गुपचूप अद्ययावत होते आणि यंत्र पुन्हा सुरू करताच नवी प्रत सूत्रे हाती घेते. प्रत्येक वेळी सुरू होताना प्रणालीत कोणी फेरफार केला नाही ना, याची तपासणी होते. विद्यार्थ्याचे काम प्रामुख्याने दूरच्या सर्व्हरवर राहत असल्याने एक यंत्र बिघडले तर दुसरे उघडून त्याला पुढे चालता येते. शेकडो यंत्रांची व्यवस्था एका जागी बसून पाहता येते. शाळांना मोह पडला तो मुख्यतः देखभालीच्या या काटकसरीचा.

परंतु घसाऱ्याचा हिशेब येथे निराळा आहे. लाकडी बाक झिजतो तेव्हा निकामी होतो. क्रोमबुक मात्र सुस्थितीत असतानाही एका ठरावीक तारखेला अद्ययावत होणे थांबते. ते बंद पडत नाही, पण सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या मिळेनाशा होतात, आणि मुलांची माहिती हाताळणाऱ्या संस्थेला असे यंत्र वापरणे परवडत नाही. शिवाय ही मुदत खरेदीच्या दिवसापासून मोजली जात नाही, तर तो विशिष्ट नमुना प्रथम बाजारात आल्यापासून मोजली जाते. सवलतीत जुना नमुना घेणारी शाळा म्हणजे आयुष्याची काही वर्षे आधीच खर्ची पडलेले यंत्र घेणारी शाळा! सर्वांत गरीब शाळाच अशा सवलतीच्या वाटेला अधिक जाणार, हे उघड आहे.

एप्रिल २०२३ मध्ये अमेरिकेतील 'पर्ग' या ग्राहकहितवादी संस्थेने या प्रश्नावर अहवाल प्रसिद्ध केला. यंत्रांचे आयुष्य दुप्पट झाले तर करदात्यांचे १८० कोटी डॉलर वाचतील, असा तिचा अंदाज होता. सप्टेंबर २०२३ मध्ये गूगलने २०२१ पासूनच्या नमुन्यांसाठी दहा वर्षांची मुदत जाहीर केली. निर्णय स्वागतार्हच होता. पण ज्या मर्यादेचे कारण तांत्रिक असल्याचे समजले जात होते, ती एका घोषणेने लांबवता येत असेल, तर तिचा मोठा भाग व्यापारी धोरणाचाच होता, असे म्हणणे भाग आहे.

याच कंपनीने २०२२ मध्ये 'क्रोम ओएस फ्लेक्स' ही मोफत आवृत्ती आणली. इतर कंपन्यांचे जुने, मंदावलेले संगणक तिच्यामुळे पुन्हा वापरात येतात. मात्र तिच्यासाठी प्रमाणित केलेल्या यंत्रांच्या यादीतही प्रत्येक नावापुढे आधार कोणत्या वर्षी संपेल, ते लिहिलेले आहेच.